वन्सं आणि बुधवारचं पाणी

आमच्या वन्सं डॉक्टर होत्या, आणि त्यांनी जन्मात कुणाला औषधाची गोळी दिली नाही. इंजेक्शन टोचलं नाही, नाडी धरली नाही, ‘आ करा बघू’ म्हटलं नाही. तरीही अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत आणि इकडे उल्हासनगरच्या कॅम्पांमधून त्यांनी जितकी माणसं जगवली, तितकी पाटी लावून बसलेल्या दहा डॉक्टरांनी मिळून जगवली नसतील, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही. जो आजार झालाच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? वन्संचं हेच तर दुखणं होतं. म्हणायच्या, “वहिनी, माझं काम नीट झालं की काहीच घडत नाही. आणि काहीच घडलं नाही की लोक विचारतात, ही बाई दिवसभर करते काय?”

वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची पाठची बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नणंदेला अहोजाहो करायचं. ते मी शेवटपर्यंत केलं. त्या मात्र मला खुशाल अगंतुगं करत. त्या डॉक्टर झाल्या तेव्हा सासऱ्यांनी आमच्या अंबरनाथच्या घराची पुढची खोली रंगवून घेतली, पेशंटसाठी लाकडी बाक केला, पाटीवर नावसुद्धा रंगवून आणलं. आणि वन्संनी पुढचं शिक्षण घेतलं ते साथीच्या रोगांचं. सासऱ्यांना वाटलं असेल काहीतरी मोठं, हृदयाबिदयासारखं. मग कळलं की यात पेशंट येतच नाही. आपणच जायचं, आणि तेही माणसाकडे नाही, विहिरीकडे, गटाराकडे, लग्नाच्या मांडवामागच्या चुलाणाकडे. सासरे आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. ती पाटी पुढे आम्ही पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून वापरली. चांगली जाड होती.

बाकावर एकदा समोरच्या मामी येऊन बसल्या, खोकत खोकत. मामी म्हणजे आमच्या आळीचा आकाशवाणीचा टॉवर. वन्सं बाहेर आल्या, मामींकडे न बघता त्यांच्या घराकडे बघितलं आणि विचारलं, “घरात आणखी कुणाला आहे खोकला?” मामी म्हणाल्या, नाही. “शेजारी?” नाही. “मग तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे जा,” असं म्हणून वन्सं आत गेल्या. मामींनी ही गोष्ट पुढे वीस वर्षं सांगितली. “आमच्या दुखण्याला काही मान नाही बाई त्या घरात. आधी दहा-बारा जणांना बरोबर घेऊन आजारी पडायचं, मग जायचं.” आणि खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकत नव्हतं. एकटादुकटा आजारी माणूस वन्संना दिसतच नसे. दहा जण एकदम झोपले की त्यांच्या डोळ्यांत असं तेज यायचं की घरच्या माणसाला लाज वाटावी.

लग्नकार्याला त्यांना नेणं म्हणजे जोखीम. बाकीच्या बायका आधी नवरीला बघतात, मग दागिने, मग जेवण. वन्सं आधी पाण्याचं पिंप बघणार. त्यात पाणी काढायचं भांडं दांड्याचं आहे की नुसताच पेला बुडवताहेत, आचारी हात कुठे पुसतो, श्रीखंड कधी केलं आणि कुठे ठेवलं. कुळगावात माझ्या मावसभावाच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला इतके प्रश्न विचारले की तो बिचारा त्यांना नवऱ्या मुलाची आत्या समजून घाबरला आणि दोन वाट्या श्रीखंड जास्तीचं देऊ लागला. वन्संनी ते बोटाने बाजूला सारलं आणि माझ्या कानात सांगितलं, “हे खाऊ नकोस. उद्या दुपारी फोन येईल.” आमच्या आळीतला पहिला फोन आमच्याकडे होता, वन्संच्या नोकरीमुळे मिळालेला. दुसऱ्या दिवशी त्या जेवून फोनशेजारी खुर्ची ओढून बसल्या. तीन वाजायच्या आत फोन आला. अर्धा मांडव आडवा झाला होता. वन्संनी उठून पर्स घेतली, फॉर्मांचा गठ्ठा घेतला आणि निघाल्या. माझा मावसभाऊ अजून म्हणतो की माझ्या लग्नातला सगळ्यात आनंदी चेहरा तुझ्या नणंदेचा होता.

त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही, ते का हेही सांगते. डोंबिवलीहून एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, दिसायला बरा. मुलाच्या आईने विचारलं, स्वयंपाक येतो का? वन्सं म्हणाल्या, येतो. मग मुलाच्या वडिलांनी सहज म्हटलं, तुला काही विचारायचं असेल तर विचार हो. आता हे म्हणायची रीत असते, त्यावर मुलीने मान खाली घालायची असते. वन्संनी वही उघडली. “तुमच्या सोसायटीची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली?” एवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण पुढे संडास आणि टाकी यांच्यामधलं अंतर आलं. मंडळी कांदेपोहे अर्धे टाकून उठली. सासूबाई रडल्या. वन्सं म्हणाल्या, “त्यांना माहीतच नव्हतं, वहिनी. ज्या घराला आपलं पाणी माहीत नाही तिथे मी कशी राहू?”

पण बारवी धरणाकडच्या आदिवासी वाड्यांवर त्यांचं फार चाले. तिथल्या बायका सरकारी माणूस दिसला की दार ओढून घेत. वन्सं जाऊन ओट्यावर बसायच्या, सुपातलं भात पाखडायला घ्यायच्या, आणि तासाभराने परत येताना त्यांच्याजवळ सगळ्या वाडीची हकीगत असायची, कोण कुठल्या झऱ्यावर जातं इथपासून. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. एक म्हातारी मला म्हणाली, “ही डाक्तरीण सुई नाय मारीत गो. निस्ती इचारते. पण इचारलं का बरं वाटतं.” मी हे वन्संना सांगितलं तर त्यांचं लक्षच नव्हतं. त्या म्हातारीच्या हंड्यावरचं फडकं बघत होत्या.

तर अशा या आमच्या वन्सं. आणि आता मी सांगते ती गोष्ट ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यातली. ती सांगितल्याशिवाय त्या तुम्हाला कळायच्या नाहीत, आणि ती सांगायची म्हणजे मला माझ्याबद्दलही सांगावं लागेल.

वैशाख लागला आणि आमच्या आळीत कावीळ आली. आधी मामी पिवळ्या झाल्या. मग कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई, मग पिठाच्या गिरणीवालीची जाऊ. आठवड्याभरात चौदा-पंधरा जणी झाल्या. आणि एका सकाळी वन्सं दात घासताना आरशात बघत थांबल्या, खालची पापणी बोटाने ओढली, आणि मला हाक मारली, “वहिनी, फॉर्म आण. मला झालीय.” स्वतःचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला. स्वतःला प्रश्न विचारायच्या, जरा विचार करायच्या, आणि लिहायच्या. एकदा तर म्हणाल्या, “नाही, हे मला नक्की आठवत नाहीय, मी अंदाजाने सांगतेय,” आणि लिहिलेलं खोडलं.

ताप, उलट्या, अंगात काडीचा जोर नाही. त्यांना उठायची बंदी. पण साथ घरात चालून आलेली आणि आपण अंथरुणावर, हे त्यांना सोसवेना. त्यांनी पुढच्या खोलीत कॉट घालायला लावली, भिंतीवर आळीचा नकाशा काढून घेतला आणि माझ्या टिकल्यांची पाकिटं मागितली. जिथे कावीळ तिथे लाल टिकली, जिथे नाही तिथे हिरवी. महिनाभर मी कुंकू लावून फिरत होते, लाल टिकली घरात उरलीच नाही. आणि घरोघर फिरायला पाय हवेत म्हणून त्यांनी मला कामावर घेतलं. मी सातवी शिकलेली बाई. मला त्यांनी तीन गोष्टी शिकवल्या. एक, जे झालेत आजारी त्यांच्याइतकंच जे नाही झाले त्यांनाही विचारायचं. दोन, उत्तर आपण सुचवायचं नाही. तीन, चहा घ्यायचा, पण उकळताना बघितलेला.

वन्संचं एकच म्हणणं, महिना सव्वा महिना मागचं विचारायचं, कारण ही कावीळ शरीरात शिरून दिसायला तेवढे दिवस लागतात. आता तुम्ही मला सांगा, महिन्यापूर्वी तुम्ही काय खाल्लंत? पुरुष मंडळी तर माझ्या तोंडाकडे बघत राहायची. त्यांना कालची भाजी आठवत नव्हती. बायकांना मात्र मी विचारत होते माझ्या पद्धतीने. “अगं, चैत्राचं हळदीकुंकू झालं ना माझ्याकडे, तू ती मोरपिशी साडी नेसली होतीस, त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतंस?” की सगळं धडाधडा बाहेर. वन्सं कॉटवर उठून बसल्या. म्हणाल्या, “हे मला पुस्तकात कुणी शिकवलं नाही. साडीवरून तारीख.” माझी छाती किती फुगली म्हणून सांगू.

दरम्यान आळीने आपला निकाल लावून टाकला होता. आमच्याकडे रोज दुपारी एक गोळेवाला यायचा, उल्हासनगर कॅम्प एकमधून, हातगाडी ढकलत. सगळे त्याला साईं म्हणत, तोही सगळ्यांना साईं म्हणायचा. रंध्यावर बर्फ घासून, काडीला थापून, त्यावर लाल-हिरवं-काळं सरबत. वन्संचं आणि त्याचं वर्षानुवर्षं वाजायचं. “साईं, ये बर्फ पीनेका नहीं है, मछली रखनेका है.” तो हसून म्हणायचा, “डॉक्टरनी बाई, बर्फ तो बर्फ है.” तेव्हा कावीळ आल्यावर पहिलं बोट त्याच्याकडे गेलं यात नवल नव्हतं. एका दुपारी आळीतले पुरुष जमले, त्याच्या सरबताच्या बाटल्या गटारात ओतल्या, दोन-तीन फुटल्या, आणि गाडी गणपती मंडळाच्या शेडमध्ये घालून कुलूप लावलं. साईं हात जोडून म्हणत होता, “सीझन है साईं, छोडो. सीझन है.” त्याला हाकलून दिलं. कुलपाची किल्ली आली आमच्या घरी, कारण मंडळाचे खजिनदार आमचे हे. मी ती किल्ली देवाच्या फडताळात खिळ्याला अडकवली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

वन्सं मात्र चिडल्या. नकाशाकडे बघून म्हणाल्या, “दादा, गोळा खातात पोरं. मग पिवळ्या बायका का झाल्या?” हे म्हणाले, “तू आधी बरी हो.” त्या म्हणाल्या, “आणि तो तर आपल्यासारख्या चार आळ्यांत विकतो. तिथलं काय?” ते कुणाला माहीत नव्हतं. दवाखान्यातून कळायची सोय नाही, कारण काविळीला दवाखान्यात जातो कोण? तेवढ्यात मामी आल्या, स्वतः हळदीसारख्या पिवळ्या, हातात मुळ्यांची माळ. कुळगावात एक आजीबाई काविळीची माळ देतात. ती डोक्यावर ठेवायची, कावीळ उतरते तशी माळ लांब होत जाते आणि गळ्यात येते. मला वाटलं वन्सं आता मामींना फाडून खाणार. त्या म्हणाल्या, “घाला. आणि मामी, त्या आजींकडे आणखी कुणाकुणाला बघितलंत?”

दुसऱ्याच दिवशी मला कुळगावला धाडलं. आजीबाई नव्वदीच्या, डोळ्यांना कमी दिसायचं, पण ज्याला माळ दिली त्याची आळी आणि घर तोंडपाठ. मी तिच्यासमोर बसून सगळी नावं उतरवून घेतली. कुळगावातली एक-दोन, वांगणीकडचं एक, आणि बाकी झाडून सगळी आमच्या आळीतली. साईं फिरायचा त्या बाकीच्या तीन आळ्यांतलं एकही नाव नाही. वन्संनी कागद वाचला आणि माळ डोक्यावर सरळ करत म्हणाल्या, “साईं सुटला.” मला वाईट वाटलं. किती सोपा गुन्हेगार होता तो.

आणि मग एका दुपारी त्या म्हणाल्या, “वहिनी, आता तुझा फॉर्म.”

“मला कुठे कावीळ झालीय?”

“म्हणूनच. बस.”

मी पदर सावरून बसले. मला गंमत वाटत होती. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाल्या, “चैत्राच्या हळदीकुंकवाला पन्हं प्यायलीस?”

“मला कुठलं मिळायला? अहो, एक थेंब उरला नाही. मामींनी तीन पेले घेतले. तुम्ही दोन घेतलेत. मास्तरीणबाई तर तांब्याभर घरी घेऊन गेल्या मास्तरांसाठी.”

“मास्तर पिवळे झालेत,” वन्सं म्हणाल्या. “आळीतला एकटा पुरुष. मामींच्या सुनेने घेतलं?”

“तिला दिवस गेलेले. वासानेच मळमळलं, पेला ठेवून दिला.”

“ती बरी आहे. देवाची कृपा, वहिनी. पोटुशीला ही कावीळ फार वाईट.” हे त्यांनी फार हळू म्हटलं. मग पुन्हा पेन उचललं. “कैऱ्या उकडल्या होत्यास?”

“मग काय कच्च्या घालीन?”

“पाणी उकळलं होतंस?”

“पाणी कशाला उकळायचं पन्ह्याचं? विहिरीचं गोड पाणी होतं.”

“विहिरीत पावडर असते.”

“ती गुरुवारी टाकतात. पावडरीच्या पाण्याला वास येतो, पन्ह्याची चव जाते. म्हणून मी बुधवारी संध्याकाळी चार कळश्या आधीच...” आणि मी थांबले.

तुम्हाला सांगायला हवं. आळीमागच्या विहिरीत दर गुरुवारी जंतू मारायची पावडर पडावी म्हणून भांडून भांडून व्यवस्था लावली होती ती वन्संनीच. गुरुवारी पडायची आणि बुधवारपर्यंत तिचा अंमल संपलेला असायचा. सगळ्या आठवड्यात विहिरीचं पाणी सगळ्यात वाईट असेल तर ते बुधवारी संध्याकाळी. आणि आम्हा बायकांचं गोड पाणी तेच. सणाला, पाहुण्याला, नैवेद्याला बुधवारचं पाणी. पावडरीचं वेळापत्रक सगळ्या आळीत मला जास्त पाठ, कारण ते माझ्याच घरात ठरलं होतं.

वन्सं भिंतीकडे बघत होत्या. मीही बघितलं. जिथे जिथे लाल टिकली होती त्या प्रत्येक घरातली बाई त्या शुक्रवारी माझ्या चटईवर बसली होती. मीच त्यांच्या साड्या सांगितल्या होत्या.

मी विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“चार दिवस झाले. पण माझं चुकत असेल असं वाटत होतं.” मग म्हणाल्या, “मी जगात कुठे न विचारता पाणी पीत नाही, वहिनी. तुझ्या हातचं पिते.”

मला वाटलं त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांचे साहेब भेटायला आले, चांगला माणूस, मोसंबी घेऊन. म्हणाले, अहवालात गोळेवाल्याचं लिहून टाका बाई, लोकांचंही समाधान, तुम्हालाही विश्रांती. ते गेल्यावर मी, जी मी सगळ्या जन्मात कुणापुढे वाकले नाही, ती त्यांच्या कॉटशी जाऊन बसले आणि म्हटलं, “वन्सं, नाव लिहायलाच हवं का?”

“नाव नाही लिहीत. घर लिहिते.”

“घर लिहिलं की नाव आलंच.”

“आलंच,” त्या म्हणाल्या. “पण गोळा लिहिला तर विहिरीकडे कुणी बघणार नाही. पुढच्या बुधवारी कुणीतरी कळशी भरेलच. मामींची सून सुद्धा भरेल.”

 मी रागावले, स्वयंपाकघरात गेले, भांडी आपटली, वरण खारट केलं. आणि तेवढ्यात मनाशी ठरवलं की हे कागदावरून आळीला कळायला नको. कागद इंग्रजीत, वाचणार कोण? माझी चूक माझ्या तोंडून जायला हवी. संध्याकाळी विहिरीवर सगळ्या जमल्या होत्या, ज्या बऱ्या होत्या त्या पाण्याला आणि ज्या पिवळ्या होत्या त्या हवेला. मी पदर खोचला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकलं. गोळ्याने नाही, माझ्या पन्ह्याने.  रहाटाचं चाक थांबलं. मग मामी म्हणाल्या, “तरीच म्हटलं, यंदा एवढी चव कुठून आली.”

आणि एकेकीने सांगायला सुरुवात केली. मास्तरीणबाई बुधवारच्या पाण्याचा चहा करत होत्या. गिरणीवालीने नैवेद्याला हेच पाणी नेलं होतं. सगळ्या चोरट्या, सगळ्यांना वाटायचं आपण एकटीच हुशार. मामी म्हणाल्या, “मग आता काय, उकळायचं?” मी म्हटलं, “उकळायचं. आणि खळखळून उकळी आल्यावर चांगलं थांबायचं.” “किती?” “वन्सं सांगतील तेवढं.” “बाई गं,” मामी म्हणाल्या, “म्हणजे रॉकेल संपेपर्यंत.” पुढे विहीर उपसली, तिच्या पाठीमागे नव्या घराच्या शौचखड्ड्याचा पाझर सापडला, तो खड्डा हलवला. मामींची सून श्रावणात सुखरूप बाळंत झाली. हे सगळं वन्संच्या कागदामुळे झालं, आणि त्या कागदावर माझं घर आहे, हे मी आता ताठ मानेने सांगते.

राहिला साईं. ह्यांनी किल्ली खिळ्यावरून काढली आणि मंडळाच्या शेडकडे गेले. वन्सं हिंडूफिरू लागल्यावर एका रविवारी सकाळी आमच्या ह्यांनी आणि मास्तरांनी ती गाडी अंबरनाथहून कॅम्प एकपर्यंत ढकलत नेली. मास्तर अजून अर्धे पिवळे, ह्यांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट. मागे रिक्षात मी आणि वन्सं, मांडीवर सरबताच्या नव्या बाटल्या, आणि रिक्षावाला वैतागलेला, कारण त्याला हातगाडीच्या चालीने चालवायचं होतं. साऱ्या उल्हासनगरात लोक ह्यांना थांबवून विचारत होते, “भाऊ, कालाखट्टा है क्या?” ह्यांनी पहिल्या दोघांना समजावून सांगितलं. नंतर नुसतं “नहीं है” म्हणू लागले. पुढे पुढे तर एका पोरीला म्हणाले, “कल आना.”

साईं एका कापडाच्या दुकानात ताग्यांना घड्या घालत होता. बाहेर आला, गाडी बघितली, वाकून एक चाक फिरवून बघितलं. वन्संनी शिक्क्याचा कागद काढला आणि त्यांच्या त्या अगाध हिंदीत वाचून दाखवला. गोळेवाल्याचा संबंध नाही. दोष पन्ह्याच्या पाण्याचा, अमुक एका घरातल्या. साईंने विचारलं, “किसका घर?” मी म्हटलं, “मेरा.”

त्याने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. म्हणाला, “कागज ठीक है. सीझन तो गया.” ते खरंच होतं. आभाळ भरून आलं होतं.  मग तोच म्हणाला, बैठो, चाय पीयो. चहा आला. वन्संनी तो कसा केला, कुठलं पाणी, काही विचारलं नाही, निमूट प्यायल्या. निघताना साईं मला म्हणाला, “अदी, पानी उबालके पिया करो.” सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. घरी येईपर्यंत हे हसत होते, मला मात्र हसू आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साईं पुन्हा गाडी घेऊन उभा राहिला, त्याच्या कॅम्पातच. शिक्क्याचा कागद त्याने फ्रेम करून झुलेलालच्या तसबिरीशेजारी टांगला होता. इंग्रजी एक अक्षर त्याला येत नव्हतं, पण गिऱ्हाइकाने बर्फाबद्दल काही काढलं की तो फ्रेमकडे बोट दाखवायचा. आमच्या आळीत मात्र तो परत कधी आला नाही. मंडळाने माणूस पाठवून बोलावलं, तरी नाही. पोरं दोन-तीन वर्षं विचारत होती, मग नवी पोरं आली, त्यांना माहीतच नव्हतं.

वन्सं दर वर्षी चैत्र संपता संपता एकदा मला घेऊन कॅम्प एकला जायच्या. गाडीपाशी उभ्या राहून एक गोळा मागायच्या आणि शेवटच्या थेंबापर्यंत खायच्या. मी एकदा म्हटलं, “अहो, तुम्हीच सांगता ना, बर्फ वाईट म्हणून?” म्हणाल्या, “वाईटच आहे, वहिनी.” आणि काडी चोखत राहिल्या. बदलापूरहून वांगणीपर्यंत पायी वाट तुडवणारी बाई, पण त्या गाडीशी साईंसाठी तिला दुसरं काही करता येत नव्हतं. अशी दहा-अकरा वर्षं गेली असतील. मग वन्संना आजार झाला तो अगदी एकट्याचा झाला, ज्याची साथ नसते तसा, आणि त्यांनी त्यात फार रस घेतला नाही. माघात गेल्या.

त्या चैत्रात मी एकटीच गेले. साईं थकला होता, पण गाडी तीच. त्याने माझ्या मागे, रिक्षाकडे बघितलं आणि विचारलं, “छोटी अदी?”

मी नुसती मान हलवली. त्याने बर्फाची लादी रंध्यावर धरली आणि घासायला लागला, आणि एका गोळ्याला लागतो त्याच्या कितीतरी जास्त वेळ घासत राहिला.